‘पेशंट हलला’ एवढं लिहून विषय संपवू नका: एमआरआय सेंटर चालवणाऱ्यांना खुलं पत्र

एमआरआय सेंटरचे संचालक, रेडिओलॉजी विभागांचे प्रमुख आणि रोज रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर, तुम्हा सगळ्यांना सप्रेम नमस्कार.

मी एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट आहे, ११ वर्षं झाली मशीनवर, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ गुडघे, खांदे, मनगटं, घोटे हेच स्कॅन करण्यात गेलाय. जे खाली लिहितेय ते मी आधी आमच्या मीटिंगमध्ये दोनदा बोलले. दोन्ही वेळा “बघू” म्हणाले आणि पुढचा विषय घेतला. आता उघड लिहितेय, कारण हे ज्यांच्याबद्दल आहे ते पेशंट त्या मीटिंगमध्ये कधीच नसतात आणि त्यांना हे कळायलाच हवं.

निमित्त असं झालं की मध्यंतरी आमच्याकडे स्कॅन फास्ट करणारं नवीन सॉफ्टवेअर आलं. गुडघ्याचा जो स्कॅन २० मिनिटं चालायचा तो १० मिनिटांवर आला, आम्हाला सगळ्यांनाच मनापासून आनंद झाला, वाटलं आता तरी पेशंटला नीट झोपवायला वेळ मिळेल. आठवड्याभरात नोटीस लागली, सांध्यांच्या पेशंटचा स्लॉट ३० मिनिटांवरून १५ मिनिटं. म्हणजे मशीनने १० मिनिटं वाचवली आणि तुम्ही १५ कापलीत. आधी स्कॅन सोडून माझ्या हातात १० मिनिटं असायची, आता ५ आहेत, आणि त्या ५ मिनिटांत पेशंटने कपडे बदलायचे, फॉर्म भरायचा, पेसमेकर आहे का, शरीरात कुठे क्लिप किंवा इम्प्लांट आहे का हे मी परत तोंडी विचारायचं (ते मी कधीच सोडणार नाही, स्लॉट कितीचाही असो), सुजलेला गुडघा घेऊन त्याने टेबलावर चढायचं, मी कॉइल (सांध्याभोवती बसवायचा, सिग्नल पकडणारा भाग) लावायची, आणि झाल्यावर त्याला उतरवायचंसुद्धा. यातून पोझिशनिंगसाठी किती उरतं ते तुम्हीच हिशोब करून बघा. मी घड्याळ लावून बघितलंय, एक मिनिटही धड उरत नाही.

आणि मग फोटो खराब आला की रिपोर्टमध्ये एक ओळ येते, मूव्हमेंट आर्टिफॅक्टमुळे (म्हणजे हलल्याने फोटोत आलेल्या दोषामुळे) तपासणी मर्यादित. कन्सोलवर (मशीन चालवायच्या कॉम्प्युटरवर) आपण त्यालाच म्हणतो ‘पेशंट हलला’. दोन शब्दांत सगळा दोष त्या माणसावर आणि आपण मोकळे. माझी सगळ्यात मोठी तक्रार या दोन शब्दांबद्दल आहे. माणूस स्थिर राहणं हे त्याच्या इच्छाशक्तीवर सोडून चालत नाही, ती स्थिरता आपण तयार करून द्यायची असते, ते आपलं काम आहे.

ज्यांना मशीन आत कसं चालतं हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण हे कळल्याशिवाय एवढ्याशा हलण्याने एवढं काय बिघडतं हे पटत नाही. एमआरआय म्हणजे मोबाईलसारखा क्लिक करून काढलेला फोटो नव्हे. मशीन सिग्नल गोळा करतं तो रेघारेघांनी, दर दोन-तीन सेकंदांनी थोड्या रेघा, असं करत ३-४ मिनिटांत एक सिक्वेन्स, म्हणजे स्कॅनचा एक टप्पा, पूर्ण होतो आणि मग सगळ्या रेघा एकत्र करून गणिताने चित्र तयार होतं. म्हणजे चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यात त्या पूर्ण ३-४ मिनिटांचा हिस्सा असतो. मधेच पाय सरकला की अर्ध्या रेघा एका जागेच्या आणि अर्ध्या दुसऱ्या जागेच्या, आणि मग कडा पुसट होतात, हाडाच्या सावल्या शेजारी शेजारी उमटतात, ज्यांना आपण घोस्ट म्हणतो. या सावल्या पाय ज्या दिशेने हलला त्या दिशेने येत नाहीत, त्या फेज डायरेक्शनने, म्हणजे रेघा ज्या दिशेने एकामागोमाग घेतल्या जातात त्या दिशेने, पसरतात, आणि ती दिशा कन्सोलवर आपण ठरवलेली असते, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्यातून बहुतेक सिक्वेन्समध्ये सगळ्या स्लाइस (सांध्याचे पातळ काप) एकाआड एक करून एकाच वेळी घेतल्या जातात, त्यामुळे एका झटक्याने एक स्लाइस खराब होऊन भागत नाही, २५-३० च्या २५-३० बिघडतात.

आणि झटका म्हणजे किती? १६ सेंटिमीटरचा भाग ३८४ ठिपक्यांत वाटला तर एक ठिपका जेमतेम ०.४ मिलिमीटरचा होतो. गुडघ्यातलं कार्टिलेज (हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा) काही मिलिमीटर जाड, त्यातली चीर त्याहून बारीक. दुखऱ्या मांडीचा स्नायू नुसता थरथरला तरी एवढं अंतर सहज जातं. आपण डोळ्यांनी काचेतून बघून म्हणतो, छान झोपलाय, अजिबात हलत नाहीये.

हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतंच, पण खरं कळलं ते मी स्वतः टेबलावर झोपले तेव्हा. टेबलावर पेशंट सरकवून सरकवून माझा उजवा खांदा गेला होता, रात्री कूस बदलता येत नव्हती. एके दिवशी ड्युटी संपल्यावर, दोन पेशंटच्या मधे जागा होती तिथे मला घेतलं. माझाच सहकारी, चांगला मुलगा, पण बाहेर पुढचा पेशंट कपडे बदलून बसलेला. त्याने खांद्यावर कॉइल ठेवली, माझा हात माझ्या पोटावर ठेवला, एक पट्टा बांधला आणि गेला. हात पोटावर नको हे मला माहीत होतं, मीच ज्युनियर मुलामुलींना शिकवते, तरी मी बोलले नाही, कारण त्याला उशीर होत होता हे मला दिसत होतं.

तिसऱ्या सिक्वेन्सला कळलं. माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, म्हणजे ३ मिनिटांच्या सिक्वेन्समध्ये ३६ ते ६० वेळा पोट वर-खाली, आणि त्याच्याबरोबर माझा हात, आणि हाताबरोबर खांदा. मी श्वास अडवून धरायचा प्रयत्न केला तर पुढचा श्वास अजूनच मोठा आला. कोपराखाली आधार नव्हता, त्यामुळे दंड मागे लोंबत होता आणि खांद्यात जी कळ सुरू झाली ती वाढतच गेली. दोन सिक्वेन्सच्या मधे आवाज थांबला की वाटायचं संपलं, मी मान थोडी सैल केली आणि तेवढ्यात एकदम ठकठक सुरू, दचकलेच. ११ वर्षं हा आवाज ऐकतेय तरी दचकले. इंटरकॉमवर कुणी एक शब्द बोललं नाही, अजून किती राहिलंय हे मला कळत नव्हतं, आणि सगळ्यात जास्त त्रास त्याचाच झाला.

रिपोर्ट आला, मूव्हमेंट आर्टिफॅक्टमुळे सुप्रास्पायनेटस टेंडनचं (खांद्याच्या वरच्या बाजूच्या स्नायूबंधाचं) नीट मूल्यमापन शक्य नाही. म्हणजे ज्या एका टेंडनसाठी स्कॅन केला तोच दिसत नव्हता. चार दिवसांनी परत झोपले, यावेळी दुसऱ्या सहकारी मैत्रिणीने वेळ काढून हात मांडीशेजारी ठेवला, तळवा वरच्या बाजूला, तळव्यात वाळूची पिशवी, कोपराखाली फोमचा तुकडा, गुडघ्यांखाली उशी, अंगावर पांघरूण. कन्सोलवर छातीवर सॅट बँड टाकला, म्हणजे त्या पट्ट्यातला सिग्नल आधीच दाबून टाकणारी सेटिंग. दर सिक्वेन्सच्या आधी सांगितलं, आता ३ मिनिटं, आता ४ मिनिटं, हा शेवटचा. तेच मशीन, तोच खांदा, तीच मी. टेंडन अर्धवट फाटलेला स्वच्छ दिसला. या सगळ्याला जास्तीची मिनिटं लागली ६. सहा मिनिटं वाचवायच्या नादात पूर्ण स्कॅन दुसऱ्यांदा करावा लागला आणि मी चार दिवस तसाच खांदा घेऊन काम केलं. मी तरी आतली होते, मला लगेच नंबर मिळाला, बाहेरच्या पेशंटला कोण देतं?

आता दुसरी गोष्ट, जिच्यात पेशंट मुळात हललेलाच नसतो. गुडघ्याच्या मागून मोठी रक्तवाहिनी जाते, पॉप्लिटिअल आर्टरी, ती प्रत्येक ठोक्याला फुगते आणि तिच्या सावल्या फेज डायरेक्शनने ठरावीक अंतरावर उमटत जातात. सॅजिटल (बाजूने घेतलेल्या उभ्या कापांच्या) फोटोत ती दिशा पुढे-मागे ठेवली तर या सावल्या बरोबर क्रुशिएट लिगामेंट (गुडघ्याच्या आतले आडवे-तिडवे बंध) आणि कार्टिलेजवरून जातात. लॅटरल मेनिस्कसच्या (गुडघ्यातल्या बाहेरच्या बाजूच्या गादीच्या) मागच्या भागावर पडल्या तर फाटल्यासारखी रेघ दिसू शकते, जी तिथे नसतेच. डॉक्टर, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. उपाय काय, तर सॅजिटलला दिशा वर-खाली करायची, अॅक्शिअलला (आडव्या कापांना) डावी-उजवी, म्हणजे सावल्या वाटीवरून जाणार नाहीत, आणि गुडघ्याच्या वरच्या बाजूला सॅट बँड टाकायचा म्हणजे वरून येणाऱ्या रक्ताचा सिग्नल आधीच मारला जातो. पण सॅजिटलला दिशा वर-खाली केली की मांडी आणि पोटरी फोटोत दुमडून येऊ नये म्हणून ओव्हरसॅम्पलिंग (फोटोच्या बाहेरच्या भागाचाही सिग्नल घेणं) लावावं लागतं, आणि ओव्हरसॅम्पलिंगला वेळ लागतो. प्रोटोकॉल (कोणते सिक्वेन्स, कोणत्या सेटिंगने घ्यायचे ते) छोटा करताना आमच्याकडे पहिलं काय गेलं तर हेच. मध्यंतरी एका आजोबांचा पाय दगडासारखा स्थिर होता, मी स्वतः बांधला होता, तरी रिपोर्टमध्ये मूव्हमेंट लिहून आलं आणि ते मला विचारत होते, बाई, मी कधी हललो हो? त्यांचं हृदय चालू होतं एवढंच. मला त्यांना नीट उत्तर देता आलं नाही याची अजून टोचणी आहे.

तिसरं, दुखणं. सांध्याचा एमआरआय करायला येतो तो माणूस दुखतंय म्हणूनच येतो, आणि आपण त्याला ज्या पोझिशनमध्ये सगळ्यात जास्त दुखतं त्यात ठेवून हलू नका सांगतो. ताज्या लिगामेंटच्या दुखापतीत गुडघा पूर्ण सरळ होतच नाही, जबरदस्तीने कॉइलमध्ये दाबला की पाच मिनिटांत मांडी थरथरायला लागते. थोडा वाकलेला राहू द्या, खाली पॅड द्या, फोटो चांगलाच येतो. मनगटाला पालथं झोपवून हात डोक्यावर सरळ पुढे ताणायचा, फोटोसाठी ती पोझिशन उत्तम कारण मनगट मशीनच्या मधोमध येतं, पण ज्याचा खांदा आखडलाय त्याला ती दोन मिनिटंसुद्धा जमत नाही. त्याला हात शेजारी ठेवून करा, फॅट सप्रेशन (चरबीचा सिग्नल दाबणं) थोडं कमी एकसारखं येईल, पण निदान हाडं कळतील. हे पेशंट बघून ठरवायचं असतं आणि बघायलाच वेळ नाही. अपॉइंटमेंट देताना फोनवर कुणीही विचारत नाही की डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी स्कॅनच्या आधी घेऊन येणार का, पार्किन्सन्स असेल तर औषधाचा असर असतो त्या वेळेतला स्लॉट हवा का. हे फोनवरचे दोन प्रश्न आहेत फक्त.

चौथं, आणि हे बोलायला मला जड जातंय. रजिस्टरमध्ये सिक्वेन्स रिपीट केला की तो टेक्निशियनच्या नावावर मोजला जातो आणि महिनाअखेरीला विचारणा होते. त्याचा परिणाम असा होतो की खराब फोटो डोळ्यांसमोर दिसत असूनही मुलं तो पुढे पाठवतात. रिपीट कमी दिसतात, तुम्हाला वाटतं क्वालिटी सुधारली. २०१५ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या रेडिओलॉजी विभागाने हे उघडपणे मोजून छापलं होतं, सगळ्या अवयवांचे स्कॅन धरून जवळपास २० टक्के तपासण्यांमध्ये सिक्वेन्स परत घ्यावे लागले होते. मोजलं म्हणून त्यांना कळलं, आपल्याकडे लपवावं लागतं.

टेक्नॉलॉजीच्या विरोधात मी नाही, उलट. १९७७ साली माणसाच्या छातीचा पहिला एमआरआय काढायला जवळपास ५ तास लागले होते. मग १९८६ मध्ये युर्गेन हेनिग यांनी एका वेळी अनेक रेघा घेण्याची पद्धत आणली, ज्यावर आजचे आपले सगळे फास्ट स्पिन एको सिक्वेन्स उभे आहेत, १९९० च्या दशकाच्या शेवटी पॅरलल इमेजिंग (अनेक कॉइलच्या मदतीने कमी रेघांत चित्र काढणं) आलं, २००७ च्या सुमारास कॉम्प्रेस्ड सेन्सिंग (थोड्याच रेघा घेऊन बाकीचं गणिताने भरणं), आणि २०१८ पासून न्यूयॉर्क विद्यापीठ आणि फेसबुकने मिळून गुडघ्याच्या स्कॅनचा कच्चा डेटा सगळ्यांना खुला केला त्यानंतर एआयने फोटो तयार करण्याच्या कामाला मोठाच वेग आला. पण यातलं काहीही फुकट नाही. पॅरलल इमेजिंगने वेळ निम्मा केला की नॉइजच्या (फोटोतल्या दाणेदारपणाच्या) तुलनेत सिग्नल साधारण ३० टक्के कमी होतो, एआय तो नॉइज साफ करून देतं, पण हललेला पाय ते जागेवर आणत नाही. ते फक्त हलण्याची संधी कमी करतं, आणि तेसुद्धा आधी नीट झोपवलं असेल तर.

हलणं खरोखर भरून काढणारी पद्धत वेगळी आहे. १९९९ मध्ये जेम्स पाइप यांनी मांडलेली प्रॉपेलर, काही कंपन्यांच्या मशीनवर तिचं नाव ब्लेड, काहींवर मल्टीव्हेन. यात रेघा सरळ न घेता पंख्याच्या पात्यांसारख्या फिरवत घेतात, प्रत्येक पातं मधल्या भागातून जातं, त्यामुळे एका पात्याची दुसऱ्याशी तुलना करून मधे पाय किती सरकला, किती फिरला हे काढता येतं आणि दुरुस्त करता येतं. खांद्याला मी याचा फरक डोळ्यांनी बघितलाय. स्लाइसच्या आत-बाहेर हललं तर ती फारशी उपयोगी पडत नाही आणि वेळ जास्त लागतो, पण थरथरणाऱ्या पेशंटसाठी ती हाताशी हवी. आमच्या मशीनमध्ये ती आहे. नवीन प्रोटोकॉलच्या यादीतून काढून टाकलीय, कारण १५ मिनिटांत बसत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

सांध्यांचा स्लॉट किमान २५ मिनिटं करा. सॉफ्टवेअरने वाचवलेल्या १० मिनिटांतली ५ तुम्ही घ्या, तेवढे पेशंट वाढवा, आमची हरकत नाही, बाकीची ५ पेशंटला झोपवण्यासाठी परत द्या.

रिपीट करायचा आणि प्रोटोकॉल बदलायचा निर्णय कन्सोलवरच्या माणसाला घेऊ द्या, रजिस्टरमध्ये नावाऐवजी कारण लिहा: दुखणं, श्वास, रक्तवाहिनी, थंडी, भीती. तीन महिन्यांनी ती कारणं सगळ्यांसमोर ठेवा.

फोम, वाळूच्या पिशव्या, पट्टे, पांघरुणं प्रत्येक मशीनला पूर्ण सेट द्या. आमच्याकडे दोन मशीनमध्ये वाळूच्या पिशव्यांची एकच जोडी आहे, एक पेशंट आत असला की दुसरीकडे टॉवेल गुंडाळून लावतो.

प्रोटोकॉल बसवताना रेडिओलॉजिस्ट आणि टेक्नॉलॉजिस्ट एकत्र बसू द्या. फेज डायरेक्शन, सॅट बँड, आणि ज्या सिक्वेन्सवर निदान अवलंबून आहे तो सगळ्यात आधी, पेशंट ताजा असताना, शेवटी नाही. एका दुपारचं काम आहे.

डॉक्टर, तुम्हाला विनंती, रिपोर्टमध्ये नुसतं मर्यादित तपासणी लिहू नका, कोणता सिक्वेन्स, कशामुळे, आणि काय दिसत नाहीये ते लिहा, आणि शक्य असेल तर पेशंट टेबलावर असतानाच आम्हाला फोन करा. जिथे फोटो वाचण्यासारखाच नाही तिथे पेशंटला परत बोलवा आणि त्याचे परत पैसे घेऊ नका.

आणि प्रत्येक सिक्वेन्सच्या आधी पेशंटशी बोलणं हा नियम करा, किती मिनिटं, कसला आवाज, मधे हलायचं की नाही. याला तर पैसाही लागत नाही.

ज्यांना वाटतं मी वाढवून सांगतेय त्यांनी एक दिवस या. खांद्याची कॉइल लावून, हात पोटावर ठेवून १० मिनिटं टेबलावर झोपा, मग हात मांडीशेजारी, तळव्यात पिशवी, कोपराखाली आधार देऊन परत १० मिनिटं. मी स्वतः स्कॅन करीन आणि दोन्ही फोटो एकाच स्क्रीनवर शेजारी शेजारी लावून दाखवीन. माझ्या सुट्टीच्या दिवशीसुद्धा येईन.

आपली,
एक एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट